हनुवटीखालचा मेजर

४ तारीख, सोमवार

बोटांची सालं निघालीत. गिटारच्या कारखान्यात लाकूड घासायच्या कामावर धुळीनं खोकत होते, म्हणून मुकादमानं मला उचलून तपासणीच्या मास्तरांच्या टेबलाशी बसवलं. तोंड असं केलं, जसा काही बंगला लिहून दिला.

तयार झालेली प्रत्येक गिटार मास्तर वाजवून बघतात, मग पास करतात. एकच कॉर्ड — ई मेजर. तीन बोटं तीन तारांवर दाबायची आणि सगळ्या तारा छेडायच्या. माझ्या हातून नुसती खडखड. मास्तर म्हणाले, "पत्र्यावर खडे टाकलेस."

घरी आले. गुंड्या झोपला होता. सासूबाईंच्या हातून पातेलं पडलं, अगदी त्याच्या उशाशी. मी दचकले. तो हललासुद्धा नाही. दहा महिन्यांचं पोर.

५ तारीख

काही नसेल. गाढ झोप असेल.

६ तारीख, बुधवार

मास्तरांना विचारलं, मेजर म्हणजे काय ते तरी सांगा. म्हणाले, "तारा सहा, पण सूर तीनच. बाकीचे त्यांचेच जुळे भाऊ. पहिला घर धरून ठेवतो. तिसरा त्याच्या हो ला हो करतो. मधला ठरवतो — घर हसतंय की रडतंय."

मग अंगठ्याजवळचं बोट उचलायला लावलं. एकच बोट! मधला सूर एका पट्टीनं खाली आला आणि सगळी कॉर्ड रडवेली झाली. ती मायनर. बोट ठेवलं, परत हसली.

आमच्या घरात मधली मी. पण मी हसले काय, रडले काय, कुणाला फरक पडतो.

रंधा मशीन सुरू झालं की इथं स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून तपासताना गिटारच्या काठावर हनुवटी टेकायची. सूर लाकडातून हाडात येतो. मास्तरांनी तसंच शिकवलं. "कान नुसते शोभेला," म्हणाले.

८ तारीख, शुक्रवार

गुंड्याला मागून हाक मारली. टाळ्या वाजवल्या. डबा वाजवला. ढिम्म. समोर गेले तर लगेच हात पसरले.

सासूबाई म्हणाल्या, "तुझा आवाजच असा किरटा, कोण वळून बघेल?"

यांना सांगितलं. "मी पण उशिराच बोलायला लागलो. आणि एकदा दवाखान्यात नेलं की पोराच्या कपाळी शिक्का बसतो, कळतं का तुला?"

मला एवढंच कळतं की डबा वाजवला तरी तो वळून बघत नाही. शेवटी हो म्हणाले. मंगळवारी नेऊ.

१० तारीख, रविवार

एक वाकड्या दांड्याची गिटार मुकादमानं फेकायला काढली होती. मागून घेतली, सरावाला. गुंड्याला मांडीत, गिटारच्या पेटीला पाठ टेकवून बसवलं आणि छेडली.

तो हसला! खदखदून, पाय झाडत. परत वाजवली, परत हसला. सासूबाई धावत आल्या. मग शेजारीपाजारी सांगत सुटल्या — "आमच्या सूनबाईला उगाच भुतं दिसतात." हे म्हणाले, "झालं समाधान? मंगळवारचं रद्द."

मीही रडले आनंदानं. पोटभर जेवले.

११ तारीख, सोमवार

आज कॉर्ड अगदी साफ वाजली. मास्तरांनी मान हलवली.

तेवढ्यात रंधा सुरू झाला. मी हनुवटी लाकडावर टेकली, वाजवली — कानाला काही नाही, हाडात सगळं.

हात तिथंच थांबला. काल गुंड्याची पाठ लाकडाला होती.

दुसऱ्या कुणी फसावं, मी कशी फसले? रोज हेच तर करते.

१२ तारीख

गुंड्याला गादीवर बसवलं. गिटार घेऊन त्याच्या मागे उभी राहिले, आणि जीव खाऊन वाजवली. तो चमचा चावत राहिला. मग त्याचा तळहात पेटीवर ठेवला आणि वाजवली. हसला.

सासूबाई दारात होत्या. सगळं बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस."

हे म्हणाले, "तू पोराला बहिरं करूनच गप्प बसणार."

१३ तारीख, बुधवार

कुणाशी तरी बोलायचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद होती, मास्तर तारा गुंडाळत पाठमोरे बसले होते. मी मागून सगळं सांगून टाकलं. पातेलं, चमचा, सगळं. ते तारा गुंडाळत राहिले. शब्द नाही, हुंकार नाही. मला संताप आला. म्हटलं, बाईमाणसाचं रडगाणं यांना कशाला हवं.

पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी वर बघितलं. "कधी आलीस?"

मी बघत राहिले. त्यांना कळलं मला काय कळलं ते.

"रंध्यापाशी उभा राहून आयुष्य गेलं," हळूच म्हणाले. "तोंड दिसलं की निम्मं कळतं. बाकीचं हनुवटी सांभाळते. मुकादमाला बोलू नकोस."

मग मला समोर बसवून परत सगळं सांगायला लावलं. माझ्या ओठांकडे बघत ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मी लपवलं कारण पोट होतं. त्या लेकराला काय लपवायचंय?"

१४ तारीख

कामावर खाडा. यांना न सांगता गुंड्याला घेऊन दवाखान्यात निघाले. सासूबाईंनी दार अडवलं नाही. पोराचं टोपडं तेवढं हातात दिलं.

तपासणाऱ्या बाईनं विचारलं, "घरात आणखी कुणाला लक्षात आलं?" मी म्हटलं, सगळ्यांना.

दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यंत्र लावता येईल, म्हणाली. लवकर आणलंत, म्हणाली.

१५ तारीख, शुक्रवार

मास्तरांनी मुकादमाला आपल्या कानांचं स्वतःच सांगितलं. सोमवारपासून टेबल माझं. ते सामान बांधत होते. मी खाली मान घालून म्हटलं, नको मला. त्यांना ऐकू गेलं नाही.