उबेत होती

९ फेब्रुवारी

कॅन्सर परत आलाय. मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. छातीतली जुनी गाठ गेलीय, तिथे काळोख. पण मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडांवर, कण्याच्या कडेने — नुसता लखलखाट! धाकटी बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी चांगलीच उजळलेय गं." मला हसू आलं नाही. तिचे केस आत्ता कुठे बोटभर वाढलेत. आता पहिल्यापेक्षा जहाल औषध द्यावं लागेल म्हणे.

१० फेब्रुवारी

पावाची एक अख्खी भट्टी करपवली. मालकाने ओरडायचं सोडून चहा पुढे केला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

११ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात एकटीला गाठलं. बहीण काम काय करते, विचारलं. शीतगृहात, म्हटलं, गोठवलेल्या मटारच्या पिशव्या रचते. जरा बरं वाटल्याबरोबर परत रुजू झाली, ऐकते कुणाचं! परवा तपासणीलाही शिफ्ट उरकूनच आली होती.

बाई तिथेच पायरीवर टेकल्या. मला कळलं ते असं — माणसाच्या मानेत, खांद्यापाशी, कण्याजवळ थोडी तपकिरी चरबी असते. साधी चरबी साठवून ठेवते, ही जाळते. बाहेर गारठा वाढला की बोटांची कातडी गार पडते, रक्त आत वळतं, आणि ही चरबी शेगडीसारखी पेटून साखर खात सुटते. तपासणीआधी टोचतात तीही साखरच. आजार ती खातो, चरबीही खाते. पडद्यावर दोन्ही सारखंच चमकतं! थंडीत राबणाऱ्यांच्या अंगात ही चरबी जास्त जागी असते. उबेत ठेवलं की निवते.

"नक्की काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन दिवस तिला पुरती उबेत ठेवा. परत बघू."

मोठे डॉक्टर कुरकुरत तयार झाले. सुई घालून तुकडा काढायचा तर जागा फार अडचणीची आहे म्हणतात.

जिना कसा उतरले आठवत नाही. धाकटीला मात्र यातलं काही सांगितलं नाही. आशा लावायची आणि मग ती मोडायची? नकोच. म्हटलं, तपासणीच्या तोंडावर सर्दी व्हायला नको, म्हणून घरात राहा.

१५ फेब्रुवारी

दोन रजया, लोकरी मोजे, हीटर. धाकटी म्हणते, अंडं उबवायला बसवलंयस का मला! कामावर पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घातली. "नाही जात गं बाई," म्हणाली. मला पहाटेच भट्टीवर जावं लागतं, नाहीतर उशाशीच बसले असते.

१७ फेब्रुवारी

आज तपासणी. मी बेकरीतून थेट गेले, ती घरून एकटी आली. कानापर्यंत शाल. हात हातात घेतला तर बोटं बर्फ! घाबरलीय बिचारी, असं वाटलं. चोळत बसले.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, उबेत होती ना? धाकटीने माझ्याकडे बघितलं. मीच ठासून सांगितलं, "दोन दिवस अंथरुणातून हलू दिलं नाही मी हिला."

२० फेब्रुवारी

तसंच आहे. तेवढंच चमकतंय. उबेत ठेवूनही चमकतंय म्हणजे आता शंकेला जागा नाही, मोठे डॉक्टर म्हणाले. डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. मला त्यांचा राग आला. कशाला आशा लावली मला?

बरं झालं धाकटीला सांगितलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

पहिला डोस दिला.

४ मार्च

तोंडभर फोड. पाणीसुद्धा गिळवत नाही. केस उशीवर. तिने स्वतःच वेचले आणि चुरगळून कचऱ्यात टाकले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, नळ सोडून.

९ मार्च

तापाने फणफणली, परत दवाखान्यात आणलं. आज उतरलाय. कूस बदलायलाही माझा हात लागतो. पुढचा डोस तेराला, लांबवता येणार नाही म्हणतात.

१२ मार्च

तिची कामावरची जोडीदारीण भेटायला आली होती. शीतगृहात एकटीला आत सोडत नाहीत. जोडीतली एक आली नाही की दुसरीलाही बिनपगारी घरी पाठवतात. धाकटीचे पाय चेपत ती मला कौतुकाने सांगत होती — दुसऱ्या तपासणीच्या पहाटेसुद्धा आली हो माझ्यासाठी, थेट तिथूनच दवाखान्यात गेली.

म्हणजे आजार नसेलही. उद्याचा डोस थांबवायला हवा! डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर बसून हे लिहितेय, त्या अजून आल्या नाहीत. पहिला डोस अंगात गेला तो गेलाच.

निघताना धाकटीवर ओरडले, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. ती बावरली. म्हणाली, "फार तर सर्दी झाली असती ना, ताई?"