आजीबाईची चाल

४ मार्च, मंगळवार

अकरावा दिवस — आणि आजीबाई अजून आहे! बशीतल्या बाकीच्या पेशी आठव्या दिवसापासून माना टाकतात, ही मात्र ठणठणीत. आज सरसुद्धा हसले. प्रयोगशाळेचे प्रमुख झाल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. घाईघाईत चित्रं घेतली, नोंदी केल्या, एकदोन धूसर आली ती टाकून दिली आणि पळाले. मोतीबिंदू पिकलाय म्हणे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

७ मार्च, शुक्रवार

जेवताना दादा म्हणाला, "दिवसभर तू करतेस तरी काय गं?" म्हटलं, पेशींच्या पोटातले लेझर ओळखते. त्याला वाटलं थट्टा करतेय.

मग नीट सांगितलं. केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी एक चकती. आमच्या पेशी जात्याच खादाड, समोर आलं ते गिळतात, चकतीही गिळतात. वरून प्रकाश मारला की ती आतून स्वतःच्या रंगाचा लेझर फेकते. प्रत्येकीचा रंग किंचित वेगळा — डोळ्याला कळत नाही, यंत्राला कळतो. त्यामुळे हजारांच्या गर्दीत आपली पेशी सापडते.

"म्हणजे गुरांच्या कानातला बिल्ला," दादा म्हणाला. बरोबर बोलला, पण मी कबूल केलं नाही.

१० मार्च, सोमवार

आजीबाईचं काहीतरी बिनसलंय. तिची चाल मला पाठ होती — जड, थांबत थांबत, एका अंगाला कललेली. आता तुरुतुरु पळतेय. सरांना सांगितलं.

"रंग तोच आहे ना? मग पेशीही तीच. बाई, चालीवर शोधनिबंध छापत नाहीत."

सोळा वर्षं पेशी सांभाळतेय मी. चालीतलं मला कळतं.

१२ मार्च, बुधवार

एकोणिसावा दिवस. सरांनी केक आणला. एकाच जिवंत पेशीचा एकोणीस दिवस माग! निबंध पुढच्या आठवड्यात जाणार. त्याआधी नोंदींवर माझी सही हवी, कारण पेशी माझ्या ताब्यात.

केक खाल्ला. सही केली नाही.

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी दादा बाबांचा तपकिरी स्वेटर घालून बसला होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आईनं त्याला पाठमोरं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आज लवकर आलात?"

दादा वळलाच नाही. नुसतं "हं" म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि रडता रडताच कळलं — स्वेटर तोच, माणूस दुसरा! आजीबाई केव्हाच मेली. शेजारणीनं तिला खाल्लं, चकतीसकट! आम्ही चकतीच्या मागे फिरतोय, पेशीच्या नाही. अशा वेळी हे सुचावं याची लाज वाटली. पण सुचलं.

१४ मार्च, शुक्रवार

जुनी चित्रं एकेक करून मागे बघत गेले. बाराव्या दिवसापासून तुरुतुरु. दहाव्यापर्यंत जड. म्हणजे जे झालं ते अकराव्या दिवशी. आणि अकराव्या दिवसाचं आजीबाईचं चित्रच नाही! रंगाची नोंद आहे, चित्र गायब.

सगळ्यांसमोर विचारलं, "सर, ते चित्र कुणी उडवलं?"

सर लालबुंद. "मला काय माहीत? आणि तुमचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, लक्षात आहे ना?"

चोराच्या उलट्या बोंबा! म्हटलं, संपू दे. सोळा वर्षांत माझ्या हातून एक चित्र वाया गेलेलं नाही, आणि खोट्याखाली सही तर मुळीच करणार नाही.

सोमवारी बैठक आहे. चित्र यांनीच दडपलं, हे तिथे तोंडावर सांगणार. नोकरी गेली तर गेली. घाबरणारी मी नव्हे.

१५ मार्च, शनिवार

दादा म्हणतो, जरा दमानं घे. दमानं घ्यायला मी काय जिना चढतेय?

१६ मार्च, रविवार

पेशींना खाणं घालायला गेले होते. सरांच्या तोंडावर टाकायला काही सापडतं का, म्हणून कपाटातली हातानं लिहिलेली वही काढली. ४ मार्चचं पान.

'क्र. ३१७. धूसर. दोन पेशी एकमेकींवर. चित्र टाकून दिले.'

३१७ म्हणजे आजीबाई. अक्षर माझं. खाली सहीही माझीच.

पान फाडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण पुरावा म्हणून जगात एवढी एकच ओळ उरलीय — दोन पेशी एकमेकींवर.

उद्या बैठकीत हे पान मी मोठ्यानं वाचणार. सरांची माफी मागणार, सगळ्यांसमोर. सही मात्र देणार नाही.