भाजणी गव्हावर दळू नये

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
आजपासून डिजिटल. 'हेमचंद्र पीठ गिरणी, परळ' हे फेसबुक पेज सकाळी स्वहस्ते उघडलं. ना क्लास, ना कोर्स. मोटारीचं वाइंडिंग शिकलो तसंच हेही बघून बघून शिकलो. समोरच्या गिरणीवाल्या लवूचं पेज त्याच्या भाच्याने उघडून दिलंय. फरक नोंदवून ठेवतो.

ध्येय एकच. मागच्या टॉवरच्या मेघना मॅडम सोसायटीच्या दिवाळी फराळासाठी साठ किलो चकलीची भाजणी घेणार आहेत. आमच्या गल्लीतूनच घेणार, पण कुणाकडून ते ऑनलाइन बघून ठरवू म्हणाल्या. भाजणी ही नाकाने ठरवायची वस्तू. पण ठीक आहे. ऑनलाइन तर ऑनलाइन.

घरोघर तयार आट्याच्या पिशव्या आल्यापासून दळणं निम्म्यावर आलीत. ही ऑर्डर हुकली तर अर्धा गाळा मोमोवाल्या राकेशला भाड्याने द्यायचा, असं नलूला कबूल केलंय. ती म्हणाली, मग गाळा मोजायची टेप आत्ताच काढून ठेवते, अहो. बायकोचा विश्वास.

चक्कीच्या दगडाला टाकी मारायला झालीय; छिन्नीने खाचा पाडल्या नाहीत तर दळण भरड उतरतं. उद्या.

२४ सप्टेंबर
पहिली पोस्ट. 'चकलीची भाजणी : शास्त्र आणि गैरसमज, भाग पहिला.' सव्वीस परिच्छेद. लाइक तीन : मी, मुलगी रुचा आणि एक पर्सनल लोनवाला. रुचा म्हणाली, बाबा, हे कोण वाचणार? रील टाका. म्हटलं, ज्याला चकली कुरकुरीत हवी तो वाचेल.

एका बाईंनी खाली विचारलं, प्राइस प्लीज? उत्तर दिलं : किंमत एकोणिसाव्या परिच्छेदात आहे, आधी पोस्ट नीट वाचावी. ग्राहकाला वळण लावणं हेही मार्केटिंगच. बाई पुन्हा दिसल्या नाहीत. वाचत असाव्यात.

२६ सप्टेंबर, दुपारी
लवूचं रील पाहिलं. निव्वळ अभ्यास म्हणून. भुवयांवर पीठ, गळ्यात पंचा, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, दळान टाका नि गजाली मारा! झालं. एवढंच. नऊ हजार लोकांनी पाहिलं. शाळेत हा माझ्या वहीत बघून गणितं उतरवायचा.

पुन्हा पाहिलं. आणि सापडलं! गव्हाचं दळण उतरल्या उतरल्या त्याच चक्कीत भाजणी ओतलीय. मध्ये मूठभर तांदूळही फिरवले नाहीत. गव्हावर दळलेल्या भाजणीची चकली वातड होते, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. लगेच खाली सविस्तर कमेंट टाकली. नावानिशी. आता हा संपला.

२७ सप्टेंबर
लवूने जाहीर उत्तर दिलं : दादानू, माझा चुकला. उद्यापासून तुमी सांगतास तसाच. वर हात जोडलेले.
सपशेल शरणागती. मात्र त्याखाली लोकांनी त्यालाच बदाम टाकलेत. चुकणाऱ्याला बदाम! रील आता चौदा हजारांवर.
टाकी राहिली. उद्या नक्की.

३० सप्टेंबर
माझं रील. विषय : चक्कीचे भाग व त्यांची कार्ये. अकरा मिनिटं. रुचा म्हणाली, मोबाइल उभा धरायचा असतो, आणि बाबा, तुम्ही अख्ख्या रीलमध्ये एकदाही हसला नाहीत. म्हटलं, पट्ट्यात हात गेलेला माणूस हसताना पाहिलायस?
सतरा वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या बारा वेळा मीच, आवाज नीट येतोय का हे तपासायला.

लवूची आज दोन रीलं. एकात डाळी एकत्र भाजल्या. कमेंट केली. दुसऱ्यात धणे आधी, तांदूळ नंतर. कमेंट केली. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, उन्हात नव्हे. हीही कमेंट केली.

२ ऑक्टोबर. दसरा.
चक्कीला झेंडूचा हार घातला, फोटो पेजवर टाकला. तेवढ्यात लवू सोनं द्यायला आला. म्हणाला, हेमू, तू लिवतस ता भाचो माका वाचून दाखवता. लोका विचारतत, आज तुमचे काका काय बोलले? मी म्हटलं, जे खरं ते बोलतो. तो म्हणाला, तर! तू शाळेतसून हुशार.
चेहऱ्यावर हसू होतं. आतून हादरलेला असणार.
माझ्या फोटोला दोन लाइक. त्यातला एक लवूचा. काढून टाकता येतो का बघितलं. येत नाही.

६ ऑक्टोबर
रुचाने आज मला बसवून समजावलं. बाबा, खाली जितक्या जास्त कमेंट येतात आणि भांडण होतं, तितकं फेसबुक ते रील आणखी लोकांना दाखवतं. तुम्ही लवूकाकांची फुकट जाहिरात करताय. मी म्हटलं, मी त्याची चूक दाखवतो, त्याने जाहिरात कशी होईल? ती कपाळावर हात मारून ऑफिसला गेली. बँकेत नोकरी असली म्हणून सगळंच कळतं असं नाही.

नवीन धोरण : आता लवूच्या पेजवर जायचंच नाही. सगळी शक्ती स्वतःच्या पेजवर.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी
त्याने पोह्यांचं प्रमाण चुकीचं सांगितलं. नाइलाज झाला.

१० ऑक्टोबर
मेघना मॅडम गल्लीत आल्या! मी एप्रन झटकून उभा. त्या सरळ लवूकडे गेल्या. साठ किलो. सगळी.

मागाहून त्यांना गाठलं आणि कारण विचारलं. म्हणाल्या, काका, बाकीचे नुसते मिरवतात, पण यांच्या पेजवर कुणी हेमचंद्र म्हणून फार जाणकार गृहस्थ आहेत. ते डाळीडाळीवर लक्ष ठेवतात आणि हे तशी सुधारणा करतात. असं क्वालिटी कंट्रोल कुठे मिळतं? तुम्ही ओळखता का त्यांना?
मी म्हटलं, तोंडओळख आहे.

नलूने टेप काढली.

११ ऑक्टोबर
राकेश माप घ्यायला आला. मोमोचा कुकर माझ्या धान्य चाळायच्या कोपऱ्यात मावतो म्हणाला.
फेसबुकवरून एक सूचना आली : अभिनंदन, तुम्ही आता 'लवूची गिरण' या पेजचे टॉप फॅन आहात. नावाला बिल्ला लागला. नलूला दाखवला नाही. तिने आधीच पाहिला होता.

१२ ऑक्टोबर
सकाळी लवू गिरणीत आला. म्हणाला, हेमू, साठ किलो नि वर ह्या रोजच्या गिराईकांचा दळान, माझी मोटार तापता. अर्धी भाजणी तू दळ. तुझ्याइतक्या कोणाक जमता? पिशवी माझी, दळान तुझा.
मी विचार करतो म्हणालो. नलू आतून म्हणाली, भावजी, करतील ते.
राकेशला दिवाळीनंतर बघू असं सांगितलं. टेप खुंटीला गेली.
याला व्यवसायात कोलॅबरेशन म्हणतात. लवूला शेवटी माझ्यावाचून जमत नाही, हे सिद्ध झालं.

१४ ऑक्टोबर
तीस किलो उतरवली. आधी तांदूळ फिरवून मगच. गव्हाचा कणही नाही. दिवसभर दळणात गेला, टाकी मारायला उसंतच मिळाली नाही. दिवाळीनंतर.

१६ ऑक्टोबर
लवूने ऑर्डर पोचवल्याचं रील टाकलं. टॉवरची लॉबी, पिशव्यांची रांग, मेघना मॅडम मूठ उघडून भाजणी दाखवतायत. बघायचं नव्हतं. मोठं करून बघितलं. डावीकडच्या पिशवीतलं दळण स्पष्ट भरड. असली चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. सहन झालं नाही. लिहिलं : 'डावीकडील दळण भरड आहे. चक्कीच्या दगडाला कित्येक दिवसांत टाकी मारलेली दिसत नाही. असा हलगर्जीपणा करणाऱ्याने गिरणी बंद करून मोमो विकावेत.'

१६ ऑक्टोबर, पाच मिनिटांनी
लवूचं उत्तर : दादानू, डावीकडची तुझ्या गिरणीतली.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी
कमेंट काढून कशी टाकायची ते रुचाला विचारायला हवं. तूर्त त्या कमेंटवर चारशे बारा लाइक आहेत. माझ्या कुठल्याही लिखाणाला आजवर एवढे मिळालेले नाहीत.
राहू दे.