गणवेशापुरत्या गोळ्या

प्रिय ताई,

तुझ्यापुढे डोकं आपटून माझ्या कपाळाला टेंगूळ यायचं तेवढं बाकी आहे, म्हणून लिहितेय. बोलताना तू मला मधेच तोडतेस, चहा टाकू का विचारून विषय बदलतेस. कागदापुढे तुझी ती मात्रा चालणार नाही.

बारा वर्षं तुला संधिवात आहे आणि बारा वर्षं तू गोळ्या घेतेस त्या फक्त शाळांच्या गणवेशांच्या हंगामात. शिलाई संपली, बोटांची सूज उतरली, की डबी गेली बटणांच्या बरणीमागे. विचारलं तर म्हणतेस, दुखत नाही तर खायच्या कशाला? परीक्षा बुडू नये म्हणून आठवडाभर अंगातला ताप लपवणारी तूच ना? तेव्हा आईच्या नाकी नऊ आणलेस, आता माझ्या आणतेस.

परवा तुझी फाईल घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. हो, तुला न विचारता. त्या म्हणाल्या, हा दाह बोटांपुरता नसतो. दुखणं थांबलं तरी तो अंगात धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करत जातो, मेंदूतल्यासुद्धा. मग तिथे गुठळी अडकून पक्षाघात व्हायची भीती वाढते. अस्तर म्हटल्यावर तरी तुला कळायला हवं. वरून झकास कोट आणि आत विरलेलं अस्तर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला किती झापतेस तू!

आणि आज दुपारी तुझ्या हातातून कात्री पडली. तोंड एका बाजूला ओघळलं, मला हाक मारायला गेलीस आणि नुसतीच पुटपुटलीस. पाच मिनिटांत सावरलीस, तर म्हणे हाताला मुंग्या आल्या होत्या! डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्याच. हा इशारा आहे, बरं वाटलं म्हणून थांबू नका, मोठा झटका आजही येईल, लगेच घेऊन या. ते ऐकलंस आणि खोलीत जाऊन कडी लावलीस, वर माझा आवाज येऊ नये म्हणून शिलाई मशीन सुरू केलंस. गाडी खाली उभी आहे. भावोजी बिजागऱ्यांचे स्क्रू काढतायत आणि मी इथे फरशीवर बसून हे दाराखालून सरकवायला लिहितेय. मला भीती वाटतेय, ताई. तू जन्मभर रागावलीस तरी चालेल, पण तू हवीस.

मशीन आत्ता थांबलं. तूच थांबवलंस ना? ओ दे. शिवी दे हवी तर.

दाराबाहेर बसलेली,
तुझीच धाकटी