चार मतांचा कप्तान

मिल्स कॉर्नर, ओहायो
११ जून १८६७

चि. लेमुएल,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. करड्या गाईला कालवड झाली. माझी पाठ दुखते, पण ती नेहमीचीच.

तुझं पत्र पोचलं. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सभेत मी काळे कपडे घालून तुझ्या शेजारी बसायचं, एनॉसचा फोटो मांडीवर ठेवायचा आणि लोकांसाठी काकवीचे केक आणायचे. म्हणजे सिनेटची उमेदवारी तुझ्या खिशात! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस, आणि तेही सख्ख्या भाच्याच्या?

रविवारी चर्चच्या पायरीवर हॅपगुडबाई डोळे पुसत म्हणाली, "एनॉसनं मामाच्या मांडीवर प्राण सोडला म्हणे!" मी गप्प बसले. चार वर्षं गप्पच आहे. का, ते आज लिहिते.

दक्षिणेशी युद्ध पेटलं तेव्हा गावच्या पोरांची पलटण उभी राहिली, आणि त्या कंपनीचा कप्तान पोरांनीच मतं देऊन निवडायचा होता. तुझ्यासमोर ओबेद लोहार उभा होता. मेक्सिकोची लढाई केलेला, पण घुम्या. तू आमदार, जिभेवर साखर. मी एकोणीस केक भाजले. एनॉसला म्हटलं, "मित्रांना बोलाव, पोटभर खाऊ घाल आणि मामाला मत द्यायला लाव." तू चार मतांनी आलास. चार मतं म्हणजे माझा अर्धा केक. गावचा रस्ता कोणी बांधायचा ते ठरवावं, तसा आम्ही कप्तान ठरवला.

त्रेसष्टच्या जानेवारीत पुलाच्या पहाऱ्यावरची कंपनी सोडून तू रजा घेऊन विधानसभेच्या अधिवेशनाला गेलास. जाताना बजावलंस, "मी येईपर्यंत पूल सोडायचा नाही." लेफ्टनंट तापानं आडवा पडलेला. शत्रू दोन्हीकडून आला तेव्हा ओबेद घसा फोडून ओरडत होता, "मागं फिरा रे! फुकट मरताय!" पण निवडणुकीत पडलेल्याचं कोण ऐकतो? एनॉस म्हणाला, "ओबेदकाका, मामानं सांगितलंय ना." ओबेदनं त्याला पाठीवर दोन मैल आणला. माझा पोर गेला तो त्या लोहाराच्या पाठीवर. हे मला सांगायला ओबेदला तीन वर्षं लागली. सांगताना मान वर केली नाही त्यानं. लाज कुणाला वाटायला हवी होती, आणि वाटली कुणाला!

एनॉस गेला नेमक्या त्याच तारखेचं तुझं राजधानीतलं पत्र माझ्या पेटीत आहे. "ताई, काल सभापतींकडे मेजवानी होती. कालवं अगदी ताजी होती."

सभेला मी येईन. काळे कपडे घालीन, फोटोही आणीन. केक नाही. एनॉस गेल्यापासून या घरात काकवी आलेली नाही.

तुझं भाषण झालं की मी उभी राहीन. आधी माझ्या एकोणीस केकांचं सांगेन, मग तुझं पत्र वाचेन. बायकांना मत नाही, पण तोंड आहे. माझ्याआधी तूच सगळं खरं सांगितलंस, तर पत्र पिशवीतच राहील. तेवढी वाट तुला ठेवते, कारण लहानपणी तुला मी कडेवर खेळवलंय.

बहीण म्हणून लिहिलेलं हे शेवटचं. सभेला तुझी बहीण येणार नाही, येईल ती

एनॉसची आई,
केझाया