साडेतीन आटे

यवतमाळ,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय देवसिंग,

जय सेवालाल, आणि बिजलीबाईंना नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. सुनीतीची गुडघ्यांबद्दलची तक्रार चालू आहे आणि माझ्याबद्दलचीही. थंडी यंदा बरी पडली. फुलसावंगीकडे तर तुम्ही शेकोटी सोडत नसाल. तुझ्या तुरीला शेंगा कशा आहेत?

बघ, तुरीपर्यंत पोचलो, पण इंजिनाचं नाव काढलं नाही.

परवा बिजलीबाईंचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल त्यांनी. "भाऊ, यायनं पंपाले हात लावनं सोडलं. लोकं बलवाले येतात तं म्हनते, माहा कान गेला आता. पंधरा तारखेले पान्यायची पेटी डोंगरसिंगले देऊन राह्यले." तुझी पेटी डोंगरसिंगच्या पांढरकवड्याच्या गॅरेजात जाणार हे ऐकून मी नुसतं "असं होय" म्हणालो आणि फोन ठेवला. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा तुझा कान गेलेला नाही, देवसिंग. हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

दोन वर्षं खपून आपण ती रिमोटवर चालणारी तीन फुटी बोट केली. आमच्या भैरवीने पुण्याहून पाठवलेलं नायट्रो इंजिन तिच्यात बसवलं, तेव्हा तू मला बजावलं होतंस, "साहेब, हे अजून रनिंगमंदी हाय. पयल्या पाच टाक्या त्याले तेल जास्त पाजा. धूर पांढरा अन् आवाज जाडा राह्यला पायजे. चिरकला का तेलाची सुई खोलजा." दसऱ्यानंतर माझ्या गच्चीवर, सलाईनच्या नळीने इंजिनाला पाणी देत, तू तीन टाक्या काढल्यास. दर टाकीनंतर ते गार होऊ दिलंस. मी खुर्चीत बसून वहीत लिहीत होतो : टाकी, तारीख, सुई साडेतीन आटे उघडी, हस्ते देवसिंग. मग तू पुतणीच्या साखरपुड्याला गावी गेलास.

तू नसताना जुन्या ऑफिसातली मंडळी आली. त्यांना तलावावर बोट दाखवायला नेलं. सुई तू ठेवली होतीस तशीच, त्यामुळे बोट धूर काढत म्हशीसारखी चालली. धम्मरत्न म्हणाला, "साहेब, उद्यापर्यंत येते का हे काठाले?" सगळे हसले. मला ते हसणं झोंबलं. मी तेल कमी करून वेग वाढवायला सुई एक आटा आवळली. बोट अशी सुटली म्हणून सांगू! टाळ्या पडल्या. आवाज चिरकत होता, मलासुद्धा कळत होतं, पण टाळ्याही चालू होत्या. तिसऱ्या फेरीत इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं.

तू परत आलास, अंगठ्याने फ्लायव्हील फिरवलंस. नव्या इंजिनाचा पिस्टन वर अडतो, तसा तो अडला नाही; आतून घासून गेला होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "मी नुसतं चालू केलं. सुई तू ठेवलीस तशीच होती." आणि वही पुढे केली.

ते पान मी आदल्या दिवशी फाडून नव्याने लिहिलं होतं. मागची तारीख घातली आणि साडेतीनच्या जागी अडीच केले. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मागच्या तारखेची टिपणं लिहिलेला माणूस मी, माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. तू ओळीखाली बोट धरून वाचलंस. "म्या तं साडेतीनच ठेवले होते. पन तुमच्या वहीत हाय, म्हंजे माह्याच्यानंच चुकलं असंन. भैरवीताईले माह्याकून माफी सांगजा."

ती माफी मी तिला कळवली. इतका नीच झालो.

त्यानंतर दोनदा तुझ्याकडे यायला म्हणून बसस्टँडवर गेलो आणि उसाचा रस पिऊन घरी आलो. काल सुनीतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तुझा कान शाबूत आहे. तू साडेतीनच आटे ठेवले होतेस. खोटी होती ती माझी वही, आणि तू माझ्या अक्षराला स्वतःच्या कानापेक्षा मोठं मानलंस, याची मला रोज लाज वाटते. पेटी देऊ नकोस. मला शिव्या दे, पुन्हा तोंड पाहू नकोस, पण पेटी देऊ नकोस.

मी तुला ओळखतो. हे पत्र एकटाच वाचशील, घडी घालून ट्रंकेत ठेवशील आणि माझी अब्रू राखशील. तसं करू नकोस. कान गेला असं तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बोलाव आणि तुमच्या पोराला, शामला, हे मोठ्याने वाचायला लाव. एक ओळही गाळू देऊ नकोस. खालचं नावसुद्धा आडनावासकट वाचायला सांग.

सदाशिव वामन देशकर