हजाराव्या दिवसाचा दगड

सोलो, ३ सप्टेंबर २०१२

चि. लारस हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागते, म्हणून लिहिते. १९ तारखेला माझ्या गनांगला जाऊन हजार दिवस होतील. कबरीवर कायमचा दगड बसेल, तांदळाचे आपेम वाटू, की संपलं. विधी सांगणाऱ्या मशिदीतल्या मोदिनकाकांनी विचारलं, की पोराचं काही मागे उरलंय का. मी सांगितलं, कपडेसुद्धा वाटून टाकले. घरी आल्यावर तुझी प्रयोगशाळा आठवली. त्याच्या गाठीच्या पेशी तू अजून वाढवतेस ना? थांबव. मला रडू येत नाही, रागही येत नाही. फक्त हे आवरायचंय.

लोभ आहेच, वेगळा काय मागायचा.
वेनिंग

सिंगापूर, ९ सप्टेंबर

ती. ताईस,
लारसचा सा. न. वि. वि.

आपेम भाजायला भावजींच्या हाती देऊ नकोस, शंभराव्या दिवशी सगळ्यांनी कोळसे खाल्ले होते.

तू म्हणशील तर पेशी उद्याच नष्ट करीन. तू सही केलेल्या कागदावर तसं लिहिलंच आहे. पण आधी ऐक. पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, वाढायचा निरोप घेणारा. पोटात असताना गनांगच्या नसा घडल्या त्यात त्याचा हात होता. पुढे तो शांत व्हायला हवा. गनांगचा झाला नाही, म्हणून गाठ झाली. तुझ्या खाण्यापिण्याचा काही संबंध नाही, हे शंभरदा सांगितलंय. त्याला गप्प करणारं औषध आम्ही तपासतोय, पण माशांच्या पिल्लांना ते दिलं की चांगल्या नसाही खुंटतात. गाठ थांबेल एवढंच, कमीत कमी किती द्यायचं, ते गनांगच्या पेशींवरच कळेल. बाकी मुलांच्या पेशी इथे तगल्या नाहीत. डिसेंबरपर्यंत वेळ दे. ताई, त्या पेशी म्हणजे गनांग नव्हे, त्याचा आजार आहे.

मागणं जड आहे, कळतंय मला. माया पातळ करू नकोस.
तुझी लारस

सोलो, २० सप्टेंबर

चि. लारस,
आशीर्वाद.

काल सगळं पार पडलं. लोक जेवले, छान झालं म्हणाले. मीही हो म्हटलं.

आजार म्हण नाहीतर काही म्हण, घडलं ते माझ्याच पोटात. डिसेंबरपर्यंत ठेव. रागानं लिहीत नाहीये.

पाथरवटानं दगडावर नाव कोरलं, जन्मतारीख कोरली आणि दुसरी तारीख विचारली. मी त्याला थांबवलं. ती ओळ कोरीच आहे. पेशी थांबवशील त्या दिवशी तारीख कळव.

ताई